पैज सेमाडोहात, सामना ट्युनिशियात : दोन्ही टोकांना गरिबाचीच पोरं

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं की घाटवळणांनंतर सेमाडोह येतं. चिखलदरा तालुका, मेळघाट व्याघ्र प्रकल्प, शेजारून वाहणारी सिपना नदी, वनविभागाचं पर्यटन संकुल आणि कोरकू समाजाची वस्ती ही या गावाची ओळख. याच रस्त्यावर पुढे हरिसाल आहे. २०१६ साली देशातलं पहिलं 'डिजिटल गाव' म्हणून हरिसालचा गाजावाजा झाला. मेळघाटात आजही फोनला रेंज मिळावी म्हणून अनेक ठिकाणी उंचवटा शोधावा लागतो. पण जिथे रेंज मिळते तिथे शाळा, दवाखाना, सरकारी योजना यांच्या आधी बाजार पोहोचतो. त्यातला एक बाजार आहे पैजेचा.

ट्युनिशिया देशातल्या मोनास्तीर शहरात वर्षभर टेनिसच्या सगळ्यात खालच्या दर्जाच्या स्पर्धा भरतात. प्रेक्षक बोटावर मोजण्याइतके, खेळाडूंची नावं आपण कधी ऐकलेली नसतात. तरीही तिथल्या सामन्यात पुढचा गेम कोण जिंकणार यावर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून फोनवर पैसे लावता येतात. सेमाडोहच्या, धारणीच्या किंवा अकोल्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पोरालाही ते लावता येतात. त्या दोन खेळाडूंशी त्याचं काही देणंघेणं नसतं. मग हा सामना त्याच्या फोनपर्यंत येतोच का आणि त्याला आणतं कोण? आमच्या मते या प्रश्नाचं उत्तर आपल्या तरुणांनी नीट समजून घेतलं पाहिजे. कारण या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना गरिबाचंच पोर उभं आहे आणि कमाई मधल्याची होते आहे.

हा बाजार चालतो कसा?

'प्रेडिक्शन मार्केट' म्हणजे अंदाजांचा बाजार. अमेरिकेतल्या काल्शी आणि पॉलीमार्केट या त्यातल्या गाजलेल्या कंपन्या. इथे शेअरसारखा एक करार विकला जातो. प्रश्न साधा असतो : अमुक खेळाडू आजचा सामना जिंकेल का? तुम्ही 'होय' विकत घ्यायचं किंवा 'नाही'. उत्तर बरोबर ठरलं तर एका कराराचा एक डॉलर मिळतो, चुकलं तर शून्य. 'होय'चा भाव ६२ सेंट असेल तर बाजाराच्या मते ती शक्यता ६२ टक्के आहे, असा त्याचा अर्थ लावतात. निवडणूक, पाऊस, व्याजदर अशा कशावरही हे करार निघतात. काल्शीने जानेवारी २०२५ मध्ये खेळांवरचे करार सुरू केले आणि पाहता पाहता टेनिसच्या दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धांचे सामनेही त्यात आले. अमेरिकेत यावर मोठा वाद चालू आहे. हा केंद्रीय आयोगाच्या देखरेखीखालचा वायदेबाजार आहे, असं कंपन्या म्हणतात. हा विनापरवाना सट्टा आहे, असं अनेक राज्य सरकारं म्हणतात.

भारतात हाच प्रकार 'ओपिनियन ट्रेडिंग' या नावाने आला. गुरुग्रामची प्रोबो ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिथे करार डॉलरऐवजी दहा रुपयांचा होता. समजा एकाने 'होय' सहा रुपयांना घेतलं आणि दुसऱ्याने 'नाही' चार रुपयांना. दोघांचे मिळून दहा रुपये जमले. जिंकणाऱ्याला दहा मिळणार, पण त्यातून कंपनीचा वाटा कापला जाणार. म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून दहा रुपये टाकले आणि त्यांच्या हाती परत आले दहापेक्षा कमी. एखाद्या दिवशी एखादा जिंकतो, हे खरं. पण सगळ्या खेळणाऱ्यांचा हिशेब एकत्र मांडला तर तो दर फेरीला तोट्यात जातो. शेतात दाणा पेरला तर निदान कणीस येण्याची आशा असते, कारखान्यात वस्तू तयार होते. या बाजारात काहीच तयार होत नाही. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जातो आणि वाटेत कमिशन पडतं.

वऱ्हाडाला हे नवीन नाही

अमरावती-अकोल्याच्या वाचकाने हा बाजार काही नवलाईचा समजू नये. याचा जुना अवतार आपल्याच कापसातून निघाला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारयंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात यायचा. त्या भावातले आकडे काय निघतील यावर मुंबईत पैसे लागायचे. ज्याने कापूस पिकवला त्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला भावाची चिंता, आणि त्याच भावाच्या आकड्यावर शहरात पैज. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे भाव बंद झाले. पण पैज लावणारे तयार होते आणि पैसे घेणारेही तयार होते. कमी होती ती फक्त आकड्याची. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी मटका' काढला. आकडा आता कापसाच्या बाजारातून येत नव्हता, पत्त्यांतून काढला जाऊ लागला. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत चिठ्ठ्या लिहिल्या जाऊ लागल्या.

हा इतिहास यासाठी सांगितला की त्यातून एक नियम दिसतो. पैजेच्या धंद्याला कापसाशी प्रेम नव्हतं, तसंच टेनिसशीही नाही. त्याला हवा असतो निकाल. रोज, दर तासाला, शक्य झालं तर दर मिनिटाला एक नवा निकाल. खरा निकाल मिळेनासा झाला की तो तयार केला जातो. आणि न्यूयॉर्कचा भाव मुंबईतल्या कुणाला बदलता येत नव्हता, पण मटक्यातून निघणारा आकडा तर मुंबईतच निघत होता. आजही अमरावती, अकोला जिल्ह्यातल्या पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत 'वरली मटका' हे शब्द येतात. मुंबईतल्या एका वस्तीचं नाव आपल्या गावच्या चौकातल्या जुगाराला चिकटलं ते असं.

तळातलंच टेनिस का?

आता टेनिसकडे येऊ. या खेळाची उतरंड आहे. वर विम्बल्डनसारख्या स्पर्धा. त्याखाली एटीपी टूर. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात झालेली टाटा ओपन महाराष्ट्र ही त्या दर्जाची. त्याखाली चॅलेंजर, तीही पुण्यात होते. आणि सगळ्यात खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या छोट्या स्पर्धा. आपल्याकडे सोलापुरात महिलांची आयटीएफ स्पर्धा झाली आहे. पुरुषांच्या सगळ्यात खालच्या 'एम१५' स्पर्धेत सगळ्या खेळाडूंत मिळून वाटायची बक्षिसाची रक्कम १५ हजार डॉलर. एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या वाट्याला कित्येक वर्षं दीडशे डॉलरच्या आसपास रक्कम येत होती. त्यातून विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, प्रशिक्षक. हिशेब जुळणारच नाही. सुमित नागल भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये, आपल्या बँक खात्यात ९०० युरो उरल्याचं त्यानेच सांगितलं होतं. देशातल्या पहिल्या क्रमांकाची ही गत, तर पाचशेव्या क्रमांकावरच्या पोराची काय असेल?

अशा स्पर्धा जगभर दर आठवड्याला चालतात. मोठ्या स्पर्धा नसतात तेव्हाही चालतात. म्हणजे निकालांचा न आटणारा झरा. २०१८ मध्ये ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने टेनिसमधल्या भ्रष्टाचारावर मोठा अहवाल दिला. तीन हजारांहून जास्त खेळाडूंना तिने प्रश्न विचारले होते. त्यातल्या १४.५ टक्के खेळाडूंनी सामना ठरवून हरल्याची प्रत्यक्ष माहिती आपल्याला असल्याचं सांगितलं. रोग खालच्या आणि मधल्या थरात सगळ्यात जास्त असल्याचं समितीला आढळलं. कारण म्हणून तिने दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, या थरातल्या खेळाडूंची ओढगस्त. दोन, आयटीएफने या छोट्या सामन्यांचा पॉइंटगणिक ताजा गुणफलक स्पोर्टरडार या कंपनीला विकण्याचा केलेला करार. गुणफलक विकला गेला म्हणून जगभरच्या सट्टा कंपन्यांना या सामन्यांवर पैज घेता आली. समितीने सगळ्यात खालच्या स्पर्धांच्या माहितीची ही विक्री थांबवावी अशी शिफारस केली.

इथे थांबून विचार करा. ज्या सामन्याला प्रेक्षक नाही, ज्याचं तिकीट कुणी घेत नाही, त्या सामन्याच्या माहितीला मात्र कोट्यवधींचा भाव आला. त्यातून खेळाडूच्या हातात दीडशे डॉलर. मग त्याच खेळाडूकडे कुणी येऊन म्हणतं, दुसरा सेट सोडून दे, तुझ्या वर्षाच्या कमाईइतके पैसे देतो. ज्याची इमानदारी इतक्या स्वस्तात विकत मिळू शकते अशा जागी जाणूनबुजून मोठा बाजार मांडला तर दुसरं काय होणार?

झालंही तेच. बेल्जियममध्ये ग्रिगोर सर्ग्स्यान नावाच्या माणसाने खालच्या थरातल्या खेळाडूंचं जाळं उभं केलं. तपासात तीसपेक्षा जास्त देशांतल्या १८० हून अधिक खेळाडूंचा त्याच्याशी संबंध पुढे आला. जून २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. २०१६ मध्ये एक वेगळी युक्ती उघड झाली. काही पंच खुर्चीतल्या यंत्रावर गुण मुद्दाम उशिरा नोंदवत होते. पॉइंट संपला आहे, पण जगाला तो अजून दिसत नाही, एवढ्या फटीत आतल्या माणसांनी पैज लावायची. मैदानावर कुणी काही फिरवलं नाही, फक्त बटण उशिरा दाबलं, तरी लूट झाली.

आणि हे फक्त परदेशात घडतं असंही नाही. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात पोलिसांनी एक आख्खी खोटी 'आयपीएल' पकडली. शेतात मैदान केलेलं, दिवे लावलेले, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, नामवंत समालोचकाचा आवाज काढणारा माणूस. खेळाडू होते गावातले शेतमजूर आणि बेरोजगार पोरं, एका सामन्याची मजुरी ४०० रुपये. वेगवेगळ्या संघांची जर्सी घालून तीच पोरं पुन्हा पुन्हा उतरायची. पैसे लावणारे होते रशियात. चौकार मारायचा की बाद व्हायचं याचा इशारा वरून यायचा. निकाल हवा आहे आणि तो स्वस्तात बनवायचा आहे, तर माणसं कुठे शोधायची हे या धंद्याला चांगलं कळतं.

सेमाडोहच्या हातात काय उरतं?

अंदाजांच्या बाजाराचं समर्थन करणारे एक मोठा दावा करतात. हजारो लोक आपापली माहिती घेऊन येतात, पैसा पणाला लावतात, म्हणून बाजारातला भाव हाच सगळ्यात खरा अंदाज असतो. विम्बल्डनच्या अंतिम सामन्याबाबत एक वेळ हे मान्य करू. दोन्ही खेळाडूंची सगळी माहिती जगासमोर असते. पण मोनास्तीरच्या दोन अनोळखी पोरांच्या सामन्यात खरी माहिती असते चार-पाच जणांकडे. कुणाचा खांदा दुखतो आहे, कुणाला उद्याचं विमान पकडायचं आहे, कुणाला काल रात्री कोण भेटून गेलं. ती माहिती ज्याच्याकडे आहे तो पैज लावत नाही, तो खात्रीचा सौदा करतो. त्याच्या समोरच्या बाजूला कुणीतरी पैसे लावायला हवा, नाहीतर त्याचा सौदा होणार कसा? तो 'कुणीतरी' म्हणजे आपला पोरगा.

त्यात वेळेचा खेळ आहे. मैदानावर पॉइंट संपतो. पंच तो यंत्रात टाकतो. माहिती कंपनीकडे जाते. तिथल्या संगणकाने भाव बदलतो. तोपर्यंत मेळघाटातल्या फोनवर चक्र फिरत असतं. हा पोरगा ज्या भावावर बोट ठेवतो तो भाव जुना झालेला असतो. समोरचा घडून गेलेल्या गोष्टीवर पैसे लावतो आणि आपला पोरगा घडायच्या गोष्टीवर. याला 'कौशल्याचा खेळ' म्हणायचं?

पैसा कुठला लागतो तेही बघा. रोजगार हमीत महाराष्ट्राचा मजुरीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. विद्यार्थ्याच्या खात्यात शिष्यवृत्ती येते ती बहुतेकदा उशिरा आणि एकदम. पोलिस भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा पोरगा वर्षानुवर्षं निकालाची वाट पाहत असतो. त्याला पाच मिनिटांत निकाल देणारं यंत्र फोनवर मिळतं. दहा रुपयांपासून सुरुवात, म्हणून भीती वाटत नाही. पण दहा रुपयांची पैज दिवसातून पन्नास वेळा लागते तेव्हा ती पाचशेची होते. ३१२ रुपयांची मजुरी त्यात बसते आणि वर उधारीही होते.

हरल्यावरचा रागही शेवटी गरिबावरच निघतो. महिला टेनिस संघटना आणि आयटीएफ यांनी २०२४ सालातल्या समाजमाध्यमांची तपासणी केली. ४५८ खेळाडूंना मिळून सुमारे आठ हजार शिवीगाळीचे, धमक्यांचे संदेश आल्याचं तिच्यातून दिसलं. त्यातले ४० टक्के पैजेत हरलेल्यांचे होते. दीडशे डॉलरसाठी खेळणाऱ्या मुलीला, तिच्या आईवडिलांना, कुठल्यातरी देशातला हरलेला माणूस जिवे मारण्याची धमकी देतो. ती मुलगी त्याला ओळखत नाही, तो तिला ओळखत नाही. ज्या कंपनीने दोघांची गाठ घालून दिली तिला मात्र कुणी शिवी देत नाही.

कायदा कुणाच्या मानगुटीला धरतो?

आपल्या गावात चिठ्ठी लिहिणारा पकडला जातो तेव्हा बातमी ठरलेली असते. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२ (अ), रोख काही शे रुपये, एक मोबाइल, एक डॉटपेन जप्त. हा कायदा मूळचा १८८७ सालचा. त्याच वेळी ओपिनियन ट्रेडिंगच्या कंपन्या मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन, जाहिराती करून उघड धंदा करत होत्या. झाडाखाली चिठ्ठी लिहिली तर जुगार आणि काचेच्या इमारतीत बसून ॲप चालवलं तर 'स्टार्टअप', असा हा दुटप्पी न्याय बरीच वर्षं चालला.

२०२५ मध्ये चित्र बदललं. २९ एप्रिलला सेबीने गुंतवणूकदारांना सावध केलं : ओपिनियन ट्रेडिंग आपल्या नियमनाखाली येत नाही, तिथे विकलं जातं ते रोखे नाहीत. तिथे आपल्या संरक्षणाची कोणतीही यंत्रणा लागू नाही, हेही सेबीने सांगितलं. जुलैत सक्तवसुली संचालनालयाने प्रोबोवर छापे टाकले आणि सुमारे २८४ कोटींच्या ठेवी व गुंतवणूक गोठवली. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो पीडित मानला आहे. देशातले सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला २० हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी पुढे आला. प्रोबोने पैशांचा खेळ बंद केला. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली.

खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानणं ही या कायद्यातली चांगली बाजू आहे, असं आम्ही मानतो. पण बाजार संपला असं समजण्यात अर्थ नाही. परदेशातली संकेतस्थळं आहेत आणि गल्लीतली 'आयडी' आहे. व्हॉट्सॲपवर एक माणूस आयडी देतो, यूपीआयने पैसे घेतो, बस्स. ज्या महादेव ॲपची चौकशी सक्तवसुली संचालनालय करत आहे, त्यावर क्रिकेटबरोबर टेनिस आणि बॅडमिंटनवरही पैजा घेतल्या जात होत्या. चालवणारे दुबईत आणि खाली गावोगावी वाट्यावर चालणारी 'पॅनल', असा तो कारभार होता. जुलै २०२३ मध्ये आपल्या विदर्भातच, नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून गोंदियात छापे पडले आणि कोट्यवधींची रोकड व सोनं सापडलं.

या कारभाराला आपल्या पोरांकडून खेळण्यापेक्षाही जास्त हवं असतं ते त्यांचं बँक खातं. 'खातं भाड्याने दे, महिन्याला इतके देतो', अशी मागणी येते. त्या खात्यातून सट्ट्याचा पैसा फिरतो. मग खातं गोठतं, पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या नावावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा 'किरकोळ संघटित गुन्हा' ठरतो आणि शिक्षा एक ते सात वर्षं आहे. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या पोराच्या चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा निघाला तर सगळी मेहनत वाया जाते. खेळणारा म्हणून जो पीडित ठरला असता तो खातं दिल्यामुळे आरोपी होतो.

बाबासाहेबांचं उत्तर आणि बुद्धांचा शब्द

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राज्यांच्या विषयसूचीतली 'पैज आणि जुगार' ही नोंद चर्चेला आली. ही नोंदच नको, ती ठेवणं म्हणजे जुगाराला मान्यता देणं, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं. बाबासाहेबांनी शांतपणे समजावलं : नोंद ठेवली म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. त्याच नोंदीच्या आधारे जुगाराला परवानगीही देता येते आणि बंदीही घालता येते. नोंद काढून टाकली तर प्रांतिक सरकारं हतबल होतील. नोंद राहिली आणि आज ती राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. भावनेने नाव पुसून वाईट गोष्ट जात नाही, तिच्यावर कायद्याचा ताबा लागतो, हा त्यातला व्यवहारी धडा. पुढे १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात, बंगळुरूहून चालणाऱ्या आणि मुंबई राज्यात खपणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेच्या प्रकरणात, जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे दुसऱ्या राज्यात बसून आपल्या राज्यात धंदा करायचा आणि त्याला बुद्धीचा खेळ म्हणायचं, ही युक्तीही जुनीच आहे.

'ओपिनियन' म्हणजे मत. मत या शब्दाला आपल्या चळवळीत फार मोठा अर्थ आहे. एक व्यक्ती, एक मत आणि त्या मताचं समान मूल्य हे राजकारणात मिळालं, ते सामाजिक-आर्थिक जीवनातही मिळालं पाहिजे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला. या ॲपवरच्या बाजारात मताचं मूल्य खिशावर ठरतं. ज्याच्याकडे लाख रुपये आहेत त्याच्या मताने भाव हलतो, दहा रुपयांचं मत त्या भावामागे फरफटत जातं. याला 'जनतेचं मत' म्हणणं ही मत या शब्दाचीच चेष्टा आहे.

काही तरुण विचारतात, पंचशीलात जुगाराचं नाव कुठे आहे? पाचव्या शीलात मद्यासाठी जो शब्द येतो तो 'पमादट्ठान', म्हणजे बेसावधपणाची जागा. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात जुगारालाही हाच शब्द लावला आहे. तिथे गृहस्थ तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तरी वैर पदरी पडतं, हरला तर गेलेल्या धनाचा शोक, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, असे ते आहेत. त्यात पापाची भीती घातलेली नाही. माणसांतलं नातं आणि पत कशी जाते हे सांगितलं आहे. उधारी न फेडलेल्या पोराच्या शब्दावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही आणि मग त्याने समाजाच्या बैठकीत कितीही खरं बोलावं, कुणी ऐकत नाही. कार्यकर्त्याचं भांडवल असतं त्याचा शब्द. ते आधी जातं.

आपण काय करू शकतो?

उपदेशाने हे थांबणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून काही कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, विहारातल्या रविवारच्या बैठकीत वर दिलेला दहा रुपयांचा हिशेब फळ्यावर मांडा. सहा अधिक चार दहा, परत आले दहापेक्षा कमी. वसतिगृहातल्या पोरांना हे प्रवचनापेक्षा लवकर पटतं.

दुसरी, कुणालाही बँक खातं, सिमकार्ड किंवा यूपीआय वापरायला देऊ नका. मित्र असला तरी नाही. ही एक गोष्ट सांभाळली तरी अनेक पोरं गुन्ह्यातून वाचतील.

तिसरी, पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर क्रमांकावर ताबडतोब कळवा, जितका उशीर तितके पैसे दूर जातात. खेळणं सुटत नसेल, झोप उडाली असेल, मनात टोकाचे विचार येत असतील तर टेलिमानस १४४१६ वर बोला, ही सरकारी सेवा मोफत आहे. घरच्यांनी अशा पोराला 'जुगारी' म्हणून हाकलू नये. नव्या कायद्यानेही त्याला पीडित म्हटलं आहे, मग आपण तरी त्याला तसंच वागवावं.

चौथी, कारवाईचा हिशेब मागा. जिल्ह्यात कलम १२ (अ) खाली किती चिठ्ठीवाले पकडले आणि आयडी वाटणारे, खाती फिरवणारे, जाहिरात करणारे किती पकडले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अमरावती, अकोल्यातल्या कार्यकर्त्यांनी हा अर्ज करावा. आकडे आले की प्रश्न आपोआप उभे राहतील.

पाचवी, खेळाला खेळ म्हणून उभं करा. अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, म्हणजे या जिल्ह्याला खेळाची मोठी परंपरा आहे. मेळघाटातल्या मुलामुलींना मैदान, बूट आणि स्पर्धेला जायचं भाडं मिळालं तर ते स्वतः खेळतील. खेळाडूला पोटापुरतं मिळालं तर त्याला विकत घेणं महाग पडतं, हे टेनिसच्या तळाने दाखवून दिलं आहे. म्हणून खेळाडूच्या मानधनाची मागणी ही सट्ट्याविरुद्धचीच मागणी आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यापर्यंत ती लेखी स्वरूपात गेली पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी आजच अर्ज द्या.